रेघेखालची मॅच

ब्रूकफोर्ड, इंडियाना
रविवार, ८ सप्टेंबर २००२

प्रिय सत्यजित,

...कुकर बारीक करून परत बसले. राजमा आहे, वेळ लागेल. तू, आई, नाना बरे असाल. मी बरी आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे आईंना पुढचं निवांत ऐकता येईल.

नाना, नमस्कार. जेवणं झाली असतील आणि तुम्ही चष्मा पुसून बसला असाल. मागच्या पत्राचं अक्षर बारीक होतं म्हणालात, म्हणून या वेळी मोठं काढते आहे.

टर्म सुरू झाली. मला स्टॅटिस्टिक्सचे दोन सेक्शन शिकवायला दिले आहेत, दोन्ही सकाळचे. मुलं अंथरुणातून उठून तशीच येतात, टोप्या घालून बसतात. सीमाने तिच्या बागेतले टोमॅटो दिले, इतके की निम्मे शेजारच्या कोरियन बाईंना नेऊन दिले. उर्वीच्या लग्नाचे फोटो मिळाले. आई, हिरव्या काठाच्या साडीत तुम्ही फार छान दिसता. सत्यजित मात्र सगळ्या फोटोंत बूट चोरीला गेल्यासारखा उभा आहे.

आईंनी विचारलं होतं, डिसेंबरच्या सुट्टीत मी का येत नाही. सत्यजित, त्यांना नीट समजावून सांग. माझ्याही व्हिसाची मुदत संपली आहे. इथे राहायला त्याची अडचण नाही, पण एकदा बाहेर पडले की परत यायला नवा शिक्का लागतो. तू बहिणीच्या लग्नाला म्हणून महिनाभरासाठी गेलास आणि तुझा पासपोर्ट तेव्हापासून व्हिसावाल्यांकडे आहे. तपासणी चालू आहे, एवढंच उत्तर येतं. तुझ्या विषयात रसायनं आहेत, माझ्या विषयात नुसते आकडे. तरी आता कोणाचं काय अडेल सांगता येत नाही. दोघंही तिकडे अडकलो तर दोघांचीही पीएचडी अर्धी राहील.

इथे रेघ मारते. आईंना सांग, खाली फुटबॉल आहे.

________

फोनवर तू म्हणालास, रेघ आली की नाना कागद तुझ्या हातात देतात आणि आई बडीशेप आणायला उठतात. बरं आहे. फोन हॉलमध्ये, भोवती सगळे. ईमेलवर मराठी येत नाही, आणि इंग्रजीत तुझ्याशी काय बोलायचं ते मला माहीत नाही. तेव्हा हेच.

आपल्या युनिव्हर्सिटीच्या कालच्या मॅचचा स्कोअर तुला सायबर कॅफेत कळला असेल. चौदा-दहा, जिंकलो. तू म्हणाला होतास, स्कोअर नको, डिफेन्स कसा खेळतोय ते लिही. मला जेवढं दिसतं तेवढं लिहिते.

लिहायला बसल्यावर कळलं की हा खेळ मला तुझ्याच वाक्यांत येतो. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार संधी. चार संधींत चेंडू हातात घेऊन दहा यार्ड पुढे जायचं. आपल्या अकरा जणांनी जाऊ द्यायचं नाही. ‘सगळे चेंडू बघतात गं. तू सगळ्यात मागचा माणूस बघ.’ तेव्हापासून मी मागचा माणूस बघते. बऱ्याचदा काय झालं ते मला आजूबाजूच्यांच्या ओरडण्यावरून कळतं.

मागचा माणूस यंदाही सत्तावीस नंबरच आहे, डॅरेल. उन्हाळ्यात खांदे रुंद करून आलाय. तो माझ्या पहिल्या सेक्शनमध्ये आहे. वर्गातही सगळ्यात मागे बसतो.

काल त्यांचा एक जण आपल्या सगळ्यांना चुकवून सुटला. समोर फक्त डॅरेल. तो त्याच्या अंगावर धावून गेला नाही. थोडा मागे सरकला, थांबला, त्याला येऊ दिलं, आणि मग कमरेत धरून खाली बसवलं. तुला आवडतं तसं. ‘बघितलंस?’ म्हणायला मी वळले. बाजूला अवधूत होता, तोही एक जागा सोडून. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. मधल्या बाकावर त्याने जॅकेट ठेवलं होतं. एका मुलाने विचारलं, ही जागा कोणाची आहे का. ‘आहे,’ अवधूत म्हणाला, ‘येतोय तो.’

मग मला म्हणाला, ‘पण यार गिरिजा, तू मराठीत का ओरडतेस? धर धर म्हटलेलं त्याला कळणार आहे का?’

मी म्हटलं, धरलं ना त्याने.

राजमा शिजला असेल.

तुझी
गिरिजा


रविवार, १३ ऑक्टोबर २००२

प्रिय सत्यजित,

सगळ्यांना नमस्कार. पत्र पोचेल तेव्हा दसरा होऊन गेलेला असेल. इथे आपट्याची पानं नाहीत, सीमा मेपलची वाटणार आहे. लाल आहेत, दिसायला सोन्याहून बरी. आईंना विचार चालतं का. त्यांनी उर्वीच्या दिरांबरोबर पाठवलेल्या सांडग्या मिरच्या न्यू जर्सीहून कालच पोचल्या. तळल्या तर धुराची घंटा वाजली आणि सगळी बिल्डिंग खाली उतरली. घरमालक म्हणाला, पुढच्या वेळी आधी सांगत जा. मी म्हटलं, पुढच्या वेळी तुम्हालाही देईन.

थंडी पडायला लागली. तुझा निळा कोट मी घालते, माझ्या कोटाची चेन बिघडली आहे.

मिडटर्म झाली. पेपर तपासते आहे. बाकी विशेष नाही.

________

काल नऊ-सहा हरलो. निम्मा मोसम संपला. आपल्या गटात सगळ्यात कमी गुण देणारा डिफेन्स आपला आहे, पेपरात तसं छापून आलं. तरी हरलेल्या मॅच जिंकलेल्यांपेक्षा जास्त आहेत. मुलांना वर्गात हेच उदाहरण दिलं, की सरासरी उत्तम असूनही माणूस हरू शकतो. कोणी हसलं नाही. डॅरेल खिडकीबाहेर बघत होता. वर्ग सुटल्यावर मी त्याला म्हटलं, शनिवारी तू फार छान खेळलास. ‘आम्ही हरलो, मॅम,’ तो म्हणाला, आणि पेपरात एवढे कमी मार्क का पडले ते विचारायला लागला.

काल काय झालं सांगते. आपला ऑफेन्स मैदानात जायचा, तीन प्रयत्न करायचा, चेंडू लाथेने लांब मारून परत यायचा. की डिफेन्स पुन्हा आत. बाकावर बसायचे, हेल्मेट काढायचे, पाण्याची बाटली तोंडाला लावायचे, तोवर पुन्हा हाक. दुपारभर हेच. एकदाही त्यांनी शेवटच्या रेषेच्या आत कोणाला जाऊ दिलं नाही. समोरच्यांनी लांबून लाथेने तीन-तीन गुण घेतले, तीनदा. बस.

आता ज्यासाठी रेघ मारली ते लिहिते.

सप्टेंबर संपता संपता डॉ. हॅलोरननी मला बोलावलं. लॅबच्या दारातच बोलले. आत तुझं टेबल आहे, म्हणून असेल. म्हणाले, ‘मी त्याची जागा धरून ठेवली आहे. पण जानेवारीच्या टर्मला तो इथे नसला तर असिस्टंटशिप दुसऱ्याला द्यावी लागेल. माझ्या हातात राहणार नाही.’ मी विचारलं, दुसरा कोणी ठरलाय का. ते म्हणाले, आय अॅम सॉरी, गिरिजा. म्हणजे ठरलाय. हॅलोरन माणूस चांगले आहेत. माझ्याकडे न बघता त्यांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं.

हे मी तुला तीन फोनमध्ये सांगितलं नाही. हॉलमध्ये सांगता येत नाही. आईंना कळलं तर त्या म्हणतील, मग कशाची वाट बघायची, पासपोर्ट परत मागव आणि इथेच काहीतरी कर. त्यांचं चुकतं असं नाही. पण पासपोर्ट परत मागवला की अर्ज संपला. पुन्हा पहिल्यापासून रांग, पुन्हा तपासणी. सत्यजित, मागवू नकोस. डिसेंबरपर्यंत थांब. काल अवधूत म्हणाला, पर्ड्यू युनिव्हर्सिटीतल्या कोणाचा तरी व्हिसा पाच महिन्यांनी आला. येतात. अचानक येतात.

मी तुला थांब म्हणते आहे आणि मला माहीत आहे की तिकडे थांबणं म्हणजे रोज सकाळी उठून काही नसणं. तरी म्हणते.

स्टेडियममध्ये मी अजून डावीकडे कलून उभी राहते. काल लक्षात आलं. डावीकडे कोणी नव्हतं, वारा येत होता, आणि मी कललेली होते.

तुझी
गिरिजा


रविवार, १० नोव्हेंबर २००२

ती. नाना,

पाया पडते. तुम्ही सांगितलंत तसं हे पत्र तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवते आहे. ग्रंथपालांनी ते इमानदारीने तुमच्याच हातात दिलं असेल अशी आशा आहे. त्यांना काय सांगितलंत?

तुमचं पत्र यायच्या आधी सत्यजितशी फोन झाला होता. तो हसत सांगत होता, ‘नानांना नाद लागलाय. रेघेखालचंही आता तेच वाचतात. परवा आईला म्हणाले, ही हुतूतूच आहे, फक्त कपडे जास्त घालतात.’

मी विचारलं, ‘सगळं वाचतात? शेवटचं पत्रही?’

‘शेवटचं अर्धं वाचलं. मग म्हणाले, पुढे अक्षर लागत नाही. माझ्याकडे दिलं. तू तर एवढं मोठं अक्षर काढलं होतंस.’

  मग आईंनी फोन घेतला आणि मिरच्या संपल्या का विचारलं.

नाना, ते तुम्ही कुठपर्यंत वाचलंत हे मी विचारत नाही. तुमच्या पत्रात तुम्हीही लिहिलेलं नाही. मला सुनेने सासऱ्यांना लिहावं तसं लिहिता येत नाहीये, माफ करा.

तुम्ही फुटबॉलचं विचारलंत, ते आधी सांगते. तुमच्या हुतूतूत तेच सात जण चढाई करतात आणि तेच पकड करतात. इथे तसं नाही. चढाईवाले अकरा वेगळे, पकडवाले अकरा वेगळे. एक अकरा आत असले की दुसरे अकरा बाहेर. तुम्ही विचारलंत, हे पकडवाले किती वेळ उभे राहू शकतात, आणि त्यांना कोणी बसवत नाही का. बसवणं प्रशिक्षकाच्या हातात नसतं, नाना. आपल्या चढाईवाल्यांनी चेंडू बराच वेळ स्वतःकडे ठेवला तरच पकडवाल्यांना बसायला मिळतं. आपले ठेवू शकत नाहीत. म्हणून हे पुन्हा उभे. पहिले तीन भाग यांना कोणी हलवू शकत नाही. चौथ्या भागात यांचे हात कमरेवर जायला लागतात. खेळ तोच असतो, चूकही काही नसते. पाय उशिरा पोचतात.

काल तसंच झालं. सतरा-सात हरलो. डॅरेलचा खांदा दुखावला आहे, तरी तो आत होता. वर्गात डाव्या हाताने लिहिण्याचा प्रयत्न करतो. मी म्हटलं, लिहू नकोस, नुसतं ऐक. तो म्हणाला, ‘ऐकण्यात मी आणखी वाईट आहे, मॅम.’

दिवाळी सीमाकडे केली. तिची चकली या वर्षीही मऊ होती. अवधूत म्हणाला, ‘सीमाताई, चकलीचा डिफेन्स कमी पडतोय.’ सगळे हसले, तीही.

आता नोकरीचं.

कॉलेजात लेक्चररची जागा आहे, प्राचार्य तुमच्या ओळखीचे आहेत, आणि त्यांनी सत्यजितला दोनदा बोलावलं, हे मला तुमच्या पत्रावरून कळलं. त्याने सांगितलं नव्हतं. मधेच अमेरिकेला निघून जाणारे प्राध्यापक त्यांनी पाहिले आहेत, त्यामुळे आधी पासपोर्ट घरी आणा, मग रुजू व्हा, ही त्यांची अट मला समजते. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. डिसेंबरच्या सुरुवातीला रुजू व्हायचं, हेही समजलं.

तुम्ही लिहिलंत, तो सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतो आणि कुठेही जात नाही. टपाल येऊन गेलं की शर्ट बदलतो. हे मी बऱ्याचदा वाचलं.

तुम्ही मला काहीही करायला सांगितलं नाहीत. एवढंच विचारलंत, नुसतं अडवून धरून कोणी जिंकतं का. खेळाबद्दलच विचारलंत असं मी समजते. उत्तर असं आहे की कधीकधी जिंकतं. सात-सहा, दहा-सात अशा मॅच असतात. पण त्यासाठी दुसऱ्या बाजूने काहीतरी यावं लागतं.

त्याला तुम्ही काही सांगू नका. मीच लिहीन. शेवटची मॅच तेवीस तारखेला आहे. त्याला मी सगळ्या मॅच लिहीन म्हटलं होतं. तेवढी होऊ द्या.

आईंना हे पत्र दाखवलंत तरी माझी हरकत नाही. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.

तुमची
गिरिजा


रविवार, २४ नोव्हेंबर २००२

प्रिय सत्यजित,

आज रेघ मारत नाही. नाना, सगळं मोठ्याने वाचा. आई, उठू नका, बसा.

काल शेवटची मॅच होती. सकाळपासून बर्फ पडत होता, ओला, खाली पडला की पाणी होणारा. स्टेडियम अर्धं रिकामं. बँडवाल्यांनी पितळी वाद्यं झाकून ठेवली होती. मी तुझा कोट आणि त्यावर माझा, असे दोन्ही घातले होते. अवधूतने प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिशवीला भोकं पाडून ती डोक्यातून घातली. म्हणाला, ‘पीएचडीला एवढी वर्षं दिली, शेवटी हा डगला मिळाला.’

पहिल्या तीन भागांत त्यांना शून्य. खरंच शून्य, सत्यजित. एकदा ते अगदी आपल्या रेषेपाशी आले, चारही संधी घेतल्या, आणि चारही वेळा जिथल्या तिथे. चौथ्या वेळी सगळा ढीग उठेपर्यंत कोणालाच कळेना चेंडू कुठे आहे. ढिगाच्या तळाशी डॅरेल होता. खांद्याला पट्टा बांधलेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हेल्मेटच्या जाळीत गवत अडकलं होतं. आम्ही ओरडत होतो. मला वाटलं, तुला ऐकू जाईल.

आपले तीन गुण होते. तीन-शून्य. तेवढ्यावर मॅच निघाली असती.

शेवटच्या काही मिनिटांत आपल्या ऑफेन्सने पुन्हा तेच केलं. तीन प्रयत्न, लाथ, परत. डिफेन्स बाकावरून उठला. एक जण उठला नाही, त्याला दोघांनी हाताला धरून उठवलं. तेव्हाच मला कळलं. आजूबाजूच्यांनाही कळलं असावं, कारण ओरडणं बारीक झालं. ते पाच यार्ड आले, मग आठ, मग पुन्हा पाच. धावून कोणी सुटलं नाही. आपलं कोणी चुकलं नाही. प्रत्येक वेळी धरलं, पण थोडं पुढे जाऊन धरलं.

शेवटी त्यांचा दांडगा गडी चेंडू पोटाशी घेऊन मधून घुसला. डॅरेलने त्याला रेषेच्या अलीकडे धरलं. दोन्ही हातांनी, दुखऱ्या खांद्यासकट. सोडलं नाही. तो गडी चालत राहिला. डॅरेल त्याच्या अंगाला तसाच, पाय घसटत. धरलेल्या स्थितीत दोघंही आत गेले.

शिट्टी झाल्यावरही डॅरेलने लगेच सोडलं नाही. पंचाने येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा सोडलं.

अवधूत पिशवीत हात घालून उभा होता. म्हणाला, ‘याला म्हणतात टॅकल.’  आम्ही गाडीपर्यंत चालत गेलो. गाडीत हीटर लावला, काच स्वच्छ व्हायची वाट बघत बसलो, आणि मी त्याला म्हटलं, ‘सत्यजितला नागपुरात नोकरी मिळते आहे.’

तो म्हणाला, ‘मला माहीत आहे.’

‘कधीपासून?’

‘त्याने दिवाळीत ईमेल केली होती. तुला सांगू नकोस म्हणाला. तू म्हणशील तोवर तो थांबणार होता.’

काच स्वच्छ झाली. आम्ही निघालो.

तेव्हा हे. पासपोर्ट परत मागव. प्राचार्यांना हो सांग. आई, तुम्ही कधी मला दोष दिला नाहीत, मला तो ऐकू येत राहिला तो माझाच आवाज असावा. नाना, तुम्हाला लिहिलं होतं की मीच लिहीन. लिहिलं.

मी तिकडे येते असं लिहीत नाही. माझं काम व्हायला अजून दीड वर्ष लागेल, कदाचित दोन. आता निघाले तर ते राहील, आणि मग आयुष्यभर ते मी तुझ्या ताटात वाढत राहीन. ते मला करायचं नाही. पूर्ण करून येईन. किंवा तेव्हा तू पुन्हा अर्ज कर, तेव्हाचं तेव्हा बघू. आत्ता मला एवढंच हवं आहे की तू इस्त्रीचा शर्ट घालावास आणि तो घालून घराबाहेर पडावंस.

मला तू इथे हवा आहेस. हे सगळ्यांसमोर वाचलं जाईल हे माहीत असून लिहिते. सकाळी हवा आहेस, बाजारात हवा आहेस, भांडायला हवा आहेस. सीमाकडे जेवायला गेलं की दोन ताटं काढून ती एक परत ठेवते, तेव्हा हवा आहेस. पण मी हवा म्हटल्याने तू इथे येत नाहीस. फक्त तिथे बसून राहतोस.

हॅलोरनना मी उद्या सांगेन. तुझं टेबल मी आवरीन, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही.

धरलेलं सोडून, तरी तुझीच
गिरिजा

सोमवार सकाळ

पाकीट अजून चिकटवलेलं नाही, म्हणून इथेच लिहिते. पत्र पोचायला दहा-बारा दिवस लागतील, तोवर उशीर होईल, म्हणून उठल्यावर फोन केला. तूच उचललास. मी पासपोर्टचं म्हणाले. तू म्हणालास, तो मागच्या आठवड्यात कुरियरने आला. मागवायला कोणी सांगितलं नव्हतं, तूच मागवलास. पुढच्या सोमवारपासून रुजू होतो आहेस. मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस. म्हणालास, शेवटची मॅच होऊ दे म्हटलं. मागे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला. मी म्हटलं, हरलो. तू म्हणालास, स्कोअर माहीत आहे, डिफेन्स कसा खेळला ते सांग. मी सांगायला लागले. शून्यापर्यंत आले आणि फोनचं कार्ड संपलं. पुढचं या पत्रात आहे. टाकायला निघते आहे, मग क्लास.

गि.